रॉबर्ट बॉश आणि तेलाचा थेंब

भाजीपाल्यानें भरलेली एखादी पिकअप गाडी घाट चढत असतांना मध्येंच आचके देऊं लागते, थोडा धूर सोडते आणि रस्त्याच्या कडेला निमूटपणें उभी राहते. चालक खालीं उतरतो, बॉनेट उघडतो, एक लहानसा स्क्रू सैल करतो आणि अंगठ्यानें हातपंप दाबूं लागतो. स्क्रूच्या तोंडाशीं प्रथम फेस येतो, मग बुडबुडे येतात आणि शेवटीं स्वच्छ तेलाची धार लागते. स्क्रू पुन्हां आवळला कीं गाडी चालूं होते. गाडीनें एअर घेतली होती, एवढेंच तो उतारूंस सांगतो. हें दृश्य आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांनीं एकदां तरी पाहिलें असेल. जुन्या गाड्यांत ज्या पंपाशीं त्याची ही खटपट चालते त्यावर पुष्कळदां एका जर्मन गृहस्थाचें आडनांव आढळतें. हा गृहस्थ कोण होता आणि त्याचें नांव आमच्या घाटांतल्या गाड्यांपर्यंत कसें येऊन पोहोंचलें, तें येथें सांगावयाचें आहे.

रॉबर्ट बॉश याचा जन्म २३ सप्टेंबर १८६१ रोजीं दक्षिण जर्मनींतील उल्म शहराजवळच्या आल्बेक नांवाच्या खेड्यांत झाला. बारा भावंडांत त्याचा अनुक्रम अकरावा होता. वडिलांची शेती होती आणि हमरस्त्यावर एक खाणावळहि होती; तेथें गाडीवाले आपल्या घोड्यांसह मुक्कामास उतरत. वडील केवळ पैसा जोडणारे नव्हते. त्यांस वाचनाची आवड होती, मतें स्वतंत्र होतीं आणि अधिकाऱ्यांपुढें मान तुकविण्याचा त्यांस तिटकारा होता. पुढें मुलाच्या अंगीं जो करारीपणा दिसून आला त्याचें मूळ येथेंच असावें. १८६९ सालीं हें कुटुंब खेडें सोडून उल्ममध्यें राहावयास गेलें.

शाळेंत रॉबर्टनें कांहीं विशेष चमक दाखविली नाहीं. वर्गांतील शेवटच्या बाकांवर बसणाऱ्या आमच्या मित्रांस हें वाचून हायसें वाटेल. परंतु पुढचें वाचल्यावर तो आनंद थोडा कमी होईल. १८७६ सालीं वडिलांनीं त्यास सूक्ष्म यंत्रें बनविणाऱ्या एका कारागिराकडे उमेदवारीस ठेविलें. हा धनी दुकानांत क्वचितच दिसे आणि शिकविण्याकडे त्याचें लक्ष नसे. हातांत कानस तर दिली आहे, पण ती कशी धरावी हें सांगणारा कोणी नाहीं, अशा स्थितींत मुलाचीं तीन वर्षें गेलीं. हें शल्य बॉशच्या मनांत जन्मभर राहिलें. पुढें १९१३ सालीं त्यानें आपल्या कारखान्यांत उमेदवारांच्या शिक्षणासाठीं स्वतंत्र विभाग उघडला, त्याचें कारण या तीन वर्षांत शोधावें लागतें. अपुऱ्या शिक्षणाची भरपाई तो स्वतः दुसऱ्या रीतीनें करूं लागला. एका कारखान्यांतून दुसऱ्या कारखान्यांत, एका शहरांतून दुसऱ्या शहरांत, जेथें कांहीं शिकावयास मिळेल तेथें तो जाई. मध्यंतरीं त्यानें स्टुटगार्टच्या तांत्रिक महाविद्यालयांत थोडे दिवस विजेच्या विषयावरील व्याख्यानें ऐकलीं. १८८४ सालीं तो अमेरिकेस गेला आणि न्यूयॉर्क येथें एडिसनच्या कारखान्यांत काम करूं लागला. तेथून इंग्लंडांत येऊन सीमेन्स बंधूंच्या कारखान्यांतहि त्यानें कांहीं काळ नोकरी केली.

स्वदेशीं परतल्यावर १५ नोव्हेंबर १८८६ रोजीं त्यानें स्टुटगार्ट शहरांत एका घराच्या मागील बाजूस आपली कार्यशाळा उघडली. वडिलांकडून वारशानें आलेले दहा हजार मार्क हें त्याचें भांडवल. हाताखालीं एक कारागीर आणि एक निरोप्या पोरगा, इतकाच परिवार. टेलिफोन बसवावे, विजेच्या घंटा लावाव्या, मोडलेलीं उपकरणें दुरुस्त करावीं, असलें फुटकळ काम मिळे. गिऱ्हाइकांकडे तो सायकलवरून जाई आणि कारागिरांनीं केलेलें काम स्वतः तपाशी. पहिलीं दहा वर्षें अत्यंत ओढाताणीचीं गेलीं. कारखान्यांत माणसें वाढावीं आणि काम आटलें कीं त्यांस निरोप द्यावा, असा प्रसंगहि त्याच्यावर आला.

त्याच्या नशिबाची दिशा बदलली ती एका ठिणगीमुळें. १८८७ सालीं एका गिऱ्हाइकानें त्याजकडे मॅग्नेटो नांवाचें उपकरण मागितलें. हें उपकरण चुंबक आणि तारेचें वेटोळें यांच्या योगानें वीज उत्पन्न करून इंजिनांतील वायु पेटवितें. असें उपकरण दुसऱ्या एका कारखान्याच्या इंजिनांवर त्यापूर्वींच होतें. त्याचें पेटंट घेतलेलें नाहीं याची खात्री करून घेऊनच बॉशनें तें सुधारून बनविलें. प्रथम तें एका जागीं उभ्या असणाऱ्या मंदगति इंजिनांपुरतेंच उपयोगी होतें. १८९७ सालीं फ्रेडरिक सिम्स या इंग्रज व्यापाऱ्याच्या मागणीवरून तें एका जलद चालणाऱ्या तीनचाकी मोटारीवर बसवावयाचें ठरलें. इंजिनाच्या वेगाला तें पुरें पडेना. तेव्हां आर्नोल्ड त्सेरिंगर नांवाच्या त्याच्या कर्मचाऱ्यानें एक युक्ति काढली. जड वेटोळें हलविण्याऐवजीं त्याभोंवतीं लोखंडाचें एक हलकें आवरण हलतें ठेवावें, म्हणजे वेग वाढवितां येतो. पुढें १९०२ सालीं गॉटलोब होनोल्ड या त्याच्याच अभियंत्यानें उच्च दाबाच्या विजेचा मॅग्नेटो आणि त्याबरोबरचा स्पार्क प्लग तयार केला. त्यानंतर मोटारींचा व्यवसाय जगभर जसजसा पसरला तसतसें बॉशचें नांवहि पसरलें. या दोन्ही युक्त्या धन्याच्या डोक्यांतून निघालेल्या नाहींत, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. योग्य माणूस हेरावा, त्यास हवीं तीं साधनें द्यावीं आणि काम पुरें होईपर्यंत धीर धरावा, हें बॉशचें खरें कौशल्य होतें.

१९०६ सालीं त्यानें आपल्या कारखान्यांत आठ तासांचा दिवस सुरू केला. त्या काळीं ही गोष्ट इतकी नवलाची होती कीं इतर कारखानदार त्याला लाल बॉश म्हणून हिणवूं लागले. त्याचा हिशेब मात्र साधा होता. थकलेल्या हातून सूक्ष्म काम होत नाहीं.

आतां थोडा वेळ बॉशला सोडून दुसऱ्या एका जर्मन माणसाकडे वळलें पाहिजे. रुडॉल्फ डीझेल हा बॉशहून तीन वर्षांनीं मोठा. त्यानें जें इंजिन काढलें त्यांत ठिणगी मुळींच नसते. सिलिंडरांत ओढून घेतलेली हवा दट्ट्यानें इतकी दाबली जाते कीं ती अत्यंत तप्त होते. त्या तप्त हवेंत नेमक्या क्षणीं तेलाचा फवारा सोडला कीं तें आपोआप पेटतें. १८९७ सालीं ऑग्सबुर्ग येथें घेतलेल्या परीक्षेंत या इंजिनानें इंधनांतील उष्णतेपैकीं शेंकडा २६ हून थोडा अधिक भाग कामास लाविला. त्या वेळचीं वाफेचीं यंत्रें याच्या जवळपासहि येत नव्हतीं. कल्पना खरी ठरली. परंतु त्या तेलाच्या फवाऱ्यानें मात्र डीझेलला शेवटपर्यंत छळलें. नुसतें तेल पंपानें आंत ढकलण्याचा प्रयत्न त्यानें प्रारंभीं केला, पण इतकें सूक्ष्म आणि इतकें दाबसह काम करील असा पंप त्या काळीं कोणास बनवितां येईना. म्हणून दाबलेल्या हवेच्या जोरावर तेल आंत फुंकण्याची रीति त्यास पत्करावी लागली. त्यासाठीं प्रत्येक इंजिनास हवा दाबणारें एक स्वतंत्र अवजड यंत्र जोडावें लागे. कारखान्यांत किंवा जहाजावर तें खपून जाई. मालमोटारीवर तें कोठें ठेवणार? पहिल्या गिऱ्हाइकांकडे गेलेलीं इंजिनेंहि वरचेवर बंद पडत आणि तक्रारींचीं पत्रें येत. डीझेल सप्टेंबर १९१३ मध्यें इंग्लंडास जातांना बोटीवरून नाहींसा झाला. तेव्हां त्याचें इंजिन जगांत मान्य झालेलें होतें. रस्त्यावर मात्र तें अद्याप आलेलें नव्हतें.

पहिल्या महायुद्धानें बॉशचें पुष्कळ नुकसान केलें. त्याचा बहुतेक माल परदेशांत खपत असे. ते बाजार बंद झाले आणि अमेरिकेंतील त्याची मालमत्ता तेथील सरकारनें जप्त केली. परंतु याहून मोठा घाव १९२१ सालीं बसला. ज्याच्या हातीं हा सारा पसारा सोंपवावयाचा तो एकुलता एक मुलगा दीर्घ दुखण्यानंतर वारला. बॉश तेव्हां साठीच्या घरांत होता. अशा वयांत आणि अशा दुःखांत पुष्कळ माणसें नवें कांहीं आरंभीत नाहींत. १९२२ सालच्या अखेरीस बॉशनें ठरविलें कीं डीझेल इंजिनासाठीं तेलाचा पंप आपल्या कारखान्यांत बनवावयाचा.

या निश्चयांत एक विचित्रपणा आहे. बॉशचा सारा संसार ठिणगीवर उभा होता, आणि ज्या इंजिनाला ठिणगी नको त्यालाच तो आपल्या हातानें रस्त्यावर आणूं पाहत होता. तें इंजिन यशस्वी झालें तर मॅग्नेटोचें गिऱ्हाईक तितकें कमी होणार, हें त्यास कळत नव्हतें असें नाहीं. पण तें कोणी ना कोणी यशस्वी करणारच हेंहि त्यानें ओळखलें होतें. त्याच सुमारास बेन्त्झ आणि मान हे दोन जर्मन कारखाने हवा दाबण्याच्या यंत्रावांचून चालणारें डीझेल इंजिन मालमोटारीवर बसविण्याच्या खटपटींत होते, आणि १९२३-२४ च्या सुमारास त्यांच्या गाड्या रस्त्यावर आल्याहि. प्रत्येकानें आपापल्या कुवतीप्रमाणें पंप बनविला होता. सर्वांस पुरवितां येईल असा, शेंकड्यांनीं बनवितां येईल असा आणि एकासारखा एक असा पंप मात्र कोणापाशींच नव्हता.

ही गोष्ट इतकी अवघड कां होती, तें पाहूं. पाण्याचा एक थेंब म्हणजे अदमासें पन्नास घन मिलिमीटर. भरधांव चाललेल्या मालमोटारीच्या एका सिलिंडरास एका वेळीं जें तेल लागतें तें साधारण असल्या एका थेंबाएवढें असतें, आणि इंजिन जागच्या जागीं मंद चालत असतां त्याचा एक लहान अंशच पुरतो. इंजिनाचे मिनिटाला दोन हजार फेरे होत असले तर प्रत्येक सिलिंडरास हा थेंब मिनिटांतून हजार वेळां द्यावयाचा असतो. तो सेकंदाच्या हजाराव्या भागांत, फार तर दोनतीन हजारांशांत, संपूर्ण आंत गेला पाहिजे. सिलिंडरांतली हवा आधींच दाबलेली; तिच्या विरुद्ध आंत घुसून तेलाचें धुकें व्हावयाचें तर वातावरणाच्या दाबाच्या शेंकडों पट दाब हवा. थेंब क्षणभर लवकर गेला तर इंजिन ठोके देतें, उशिरां गेला तर धूर सोडतें. एका सिलिंडरास जास्त आणि दुसऱ्यास कमी मिळालें तर सारी गाडी थरथरते. आणि हें सर्व एकदां प्रयोगशाळेंत साधून भागत नाहीं; खडकाळ रस्त्यावर, थंडींत, धुळींत, अडाणी चालकाच्या हातीं वर्षानुवर्षें साधलें पाहिजे.

बॉशच्या अभियंत्यांनीं १९२३ च्या आरंभापर्यंत पंपाचे सुमारें बारा आराखडे काढले होते. त्याच वर्षीं इंजिनावर प्रयोग सुरू झाले. फ्रान्झ लांग या अनुभवी अभियंत्याच्या ज्ञानाचाहि या कामांत उपयोग झाला. अखेर जो पंप पसंत झाला त्याची रचना पाहण्यासारखी आहे. प्रत्येक सिलिंडरामागें पोलादाची एक नळी आणि तींत वरखालीं होणारा बोटाएवढा दट्ट्या. दट्ट्याची धांव नेहमीं सारखीच. मग तेल कमीअधिक कसें करावयाचें? दट्ट्याच्या अंगावर एक तिरकी खांच कापलेली असते. दट्ट्या वर जात असतां ती खांच नळीच्या छिद्रासमोर आली कीं दाब एकदम उतरतो आणि तेल जावयाचें थांबतें. चालकानें पाय दाबला कीं एक दातेरी पट्टी सरकते आणि दट्ट्या आपल्याभोंवतीं किंचित् फिरतो. त्यामुळें तिरकी खांच छिद्रासमोर लवकर किंवा उशिरां येते. एवढ्याशा फिरण्यानें थेंबाचें माप बदलतें. इतकी साधी आणि इतकी नामी युक्ति यंत्रशास्त्रांत फार थोडी सांपडेल, असें माझें मत आहे.

पण युक्ति कागदावर असते आणि पंप पोलादाचा असतो. इतक्या दाबाखालीं दट्ट्याच्या कडेनें तेल गळूं नये म्हणून साध्या पंपांत चामडें किंवा दोरा भरतात. येथें तसें कांहींहि चालत नाहीं. दट्ट्या आणि नळी यांच्यामध्यें मिलिमीटरच्या दोनतीन सहस्रांशांची फट ठेवावी लागते. माणसाचा केंस याच्या वीसपंचवीस पट जाड असतो. फट याहून मोठी झाली तर तेल गळतें, लहान झाली तर दट्ट्या अडकतो. म्हणून प्रत्येक दट्ट्या त्याच्या नळीशींच घासून जुळवितात, आणि एकदां जुळलेली जोडी फोडावयाची नसते. एकाचा दट्ट्या दुसऱ्याच्या नळींत घालतां येत नाहीं. आजहि चांगला मिस्त्री असे पंप उघडतो तेव्हां जोड्या निरनिराळ्या ठेवतो आणि घासलेल्या भागास कोरडें बोट लागूं देत नाहीं. या दट्ट्याला वंगणहि निराळें मिळत नाहीं. जें तेल तो ढकलतो तेंच त्याचें वंगण. त्यामुळें तेलांतून धुळीचा एक कण आला तर पोलादावर ओरखडा उठतो, पाणी आलें तर गंज चढतो, हवा आली तर ती दाबली जाते आणि थेंब जागचा हलत नाहीं. आरंभीं सांगितलेल्या घाटांतल्या चालकाची अडचण ही शेवटची. सर्वांत सौम्य तीच. पंपाच्या आजारांपैकीं बहुतेक आजार पंपांत उत्पन्न होत नाहींत, ते टांकींतून येतात. यास्तव पंपाबरोबर तेल गाळण्याची गाळणी, तेल चढविणारा लहान पंप, फवाऱ्याचें नोझल, या सर्वांचाच विचार एकत्र करणें बॉशच्या लोकांस भाग पडलें.

१९२५ च्या उन्हाळ्यांत आराखडा पक्का झाला. तो बाजारांत येण्यास आणखी दोन वर्षें लागलीं. मधल्या काळांत जर्मनींतील मोटारधंद्यास मंदीनें घेरलें, कारखान्याची विक्री उतरली आणि माणसें कमी करावीं लागलीं. अशा वेळीं अर्धवट तयार झालेला पंप विकून चार पैसे गांठीस बांधावे असा मोह कोणासहि झाला असता. घेणारे दारांत उभे होते. परंतु रस्त्यांत बंद पडलेल्या गाडीचा चालक शिव्या देतो त्या पंपावरील नांवास, आणि नांवाखेरीज बॉशपाशीं विकण्यासारखें दुसरें होतें काय? पैसा गेला तरी चालेल, पण गिऱ्हाइकाचा विश्वास जातां कामा नये, अशी त्याची समजूत होती आणि तिची किंमत तो या दोन वर्षांत रोख मोजीत होता. नोव्हेंबर १९२७ मध्यें पहिले पंप कारखान्याबाहेर पडले. प्रथम ते मालमोटारींवर गेले, मग ट्रॅक्टरांवर. १९३६ सालीं डीझेल इंजिनाची मर्सिडीझ प्रवासी मोटार विक्रीस निघाली, तिच्यांतहि बॉशचाच पंप होता. डीझेलच्या मृत्यूनंतर चौदा वर्षांनीं त्याचें इंजिन खऱ्या अर्थानें रस्त्याला लागलें.

बॉशच्या उत्तरायुष्यांतील कांहीं भाग सांगतांना लेखणी अडखळते. १९३३ सालीं हिटलरच्या हातीं सत्ता आली. त्या माणसाविषयीं आणि त्याच्या पक्षाविषयीं बॉशला तिरस्कार होता. छळ होत असलेल्या ज्यूंस त्यानें आणि त्याच्या विश्वासू सहकाऱ्यांनीं गुप्तपणें साह्य केलें. हिटलरविरोधी गटाचा एक प्रमुख, कार्ल गर्डेलर, यास सल्लागार म्हणून पदरीं ठेवून त्याच्या कार्यास आधार दिला. गर्डेलरला पुढें १९४५ सालीं फांशी झाली. बॉशचा उत्तराधिकारी हान्स वाल्झ यास ज्यूंचे प्राण वांचविल्याबद्दल १९६९ सालीं इस्रायलनें गौरविलें. हें सर्व खरें. पण त्याच कारखान्यांत हिटलरच्या सैन्यासाठीं युद्धसाहित्यहि बनत होतें आणि युद्धाच्या काळांत परदेशांतून धरून आणलेलीं हजारों माणसें तेथें सक्तीनें राबत होतीं, हेंहि तितकेंच खरें आहे. ज्यानें आठ तासांचा दिवस आणला त्याच्याच नांवाखालीं हें घडलें. चरित्रांतून एक बाजू गाळून दुसरी तेवढी सांगणें वाचकांस फसविण्यासारखें होईल.

१९४० सालीं स्टुटगार्ट येथें त्यानें बांधविलेलें रुग्णालय सुरू झालें. १२ मार्च १९४२ रोजीं, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षीं, त्याचा अंत झाला. ज्या राजवटीचा त्यास तिटकारा होता तिनें त्याची अंत्ययात्रा सरकारी इतमामानें काढली. १९६४ पासून त्याच्या कंपनीचे बहुतेक भाग एका धर्मादाय संस्थेकडे आहेत आणि त्यांवरील नफा आरोग्य, शिक्षण व अशाच लोकोपयोगी कामांकडे जातो.

हिंदुस्थानांत बॉशचें नांव पूर्वींच आलें होतें. ज्या १९२२ सालीं पंपाचा निश्चय झाला त्याच सालीं कलकत्त्यास त्याच्या मालाच्या विक्रीचें कार्यालय उघडलें. स्वातंत्र्यानंतर १९५१ सालीं बंगलोर येथें मायको या नांवानें कारखाना निघाला, आणि पुढें आमच्या नाशिक येथें त्याची एक शाखा होऊन तेथें तेलाचा फवारा करणारीं नोझलें आणि इंजेक्टर बनूं लागले. आमच्या मालमोटारींत आणि ट्रॅक्टरांत दोन पिढ्यांनीं मायको हें नांव वाचलें, तें याच घराण्यांतलें.

मूळ घरण्याचें नांव मात्र पुढें एका निराळ्याच परीक्षेंत सांपडलें, आणि ती हकीकत सांगितल्यावांचून हा लेख पुरा होणार नाहीं. अमेरिकेंत शेतकरी, सुतार, गवंडी, घोडे वाहून नेणारे असे लोक मोठाल्या पिकअप गाड्या वापरतात. १९८९ पासून डॉज कंपनीच्या अशा गाड्यांत कमिन्सचें डीझेल इंजिन येऊं लागलें. १९९४ ते १९९८ या वर्षांतील गाड्यांवर बॉशचा जो पंप होता तो १९२७ च्या पंपाचाच थोरला वंशज. तिरकी खांच, दातेरी पट्टी, सारें तेंच. त्याच्या टिकाऊपणाची ख्याति अद्याप आहे. पुढें धुराविषयींचे कायदे कडक झाले आणि थेंबाचें माप विजेच्या उपकरणांनीं ठरविणारा नवा पंप १९९८ सालीं आला. हा पंप थंड राहण्यासाठीं आणि वंगणासाठीं सर्वस्वी तेलावर अवलंबून होता, आणि टांकींतून तेल आणणारा लहान पंप दुबळा होता. लहान पंप थकला कीं मोठा उपाशी राही आणि आंतून झिजून जाई. चालकास पुष्कळदां पहिली सूचना मिळे ती गाडी बंद पडल्यावरच.

याहून मोठें प्रकरण २०११ नंतर घडलें. फोर्ड आणि जनरल मोटर्स यांच्या डीझेल पिकअप गाड्यांत बॉशचा सीपी-४ नांवाचा पंप आला. तो वातावरणाच्या सुमारें दोन हजार पट दाब उत्पन्न करी. अमेरिकेंत २००६ पासून डीझेलमधील गंधक जवळजवळ सर्व काढून टाकण्यांत येऊं लागलें होतें. हवेच्या दृष्टीनें तें उत्तमच. परंतु गंधक काढण्याच्या क्रियेंत तेलांतील स्वाभाविक वंगणगुणहि निघून जातो, आणि तो पुन्हां मिसळावा लागतो. किती मिसळावा, हें एका परीक्षेनें ठरवितात. तेलांत बुडवून पोलादाची गोळी पोलादावर घासावयाची आणि झिजेचा डाग मोजावयाचा. युरोपांत हा डाग मिलिमीटरच्या ४६० सहस्रांशांहून मोठा चालत नाहीं. अमेरिकेंत ५२० पर्यंत चालतो. साठ सहस्रांश म्हणजे जवळजवळ एका केंसाची जाडी. या पंपांत दट्ट्यास उचलणारें एक लहान चाक असतें. तें आपल्या जागीं किंचित् वळलें तर फिरण्याऐवजीं घासूं लागतें, आणि त्यांतून निघालेला पोलादाचा कीस तेलाबरोबर नळ्यांत, नोझलांत, सर्वत्र शिरतो. मग एक पंप बदलून भागत नाहीं, तेलाची सारी व्यवस्थाच बदलावी लागते, आणि त्याचा खर्च हजारों डॉलर होतो. गाडीवाले न्यायालयांत गेले. दोष पंपाचा, गाडीच्या रचनेचा, कीं तेलाचा, यावर वकिलांनीं वर्षानुवर्षें वाद घातला. माझ्या मतें तेलाच्या बाबतींत निष्काळजीपणा झाला असला तरी जें तेल ज्या देशांत मिळतें तें आधीं पाहून मगच तेथें पंप विकावयास हवा होता. १९२५ ते १९२७ या दोन वर्षांत थांबलेल्या म्हाताऱ्याचें नांव त्यावर होतें.

जनरल मोटर्सनें २०१७ च्या गाड्यांपासून दुसऱ्या एका कारखान्याचा पंप घेतला. डॉजची पिकअप पुढें रॅम या नांवानें विकली जाऊं लागली होती. तिच्या २०१९ आणि २०२० सालच्या कमिन्स इंजिनांच्या गाड्यांतहि सीपी-४ बसविण्यांत आला होता. त्या गाड्या २०२१ सालीं परत बोलावण्यांत आल्या, आणि नवा पंप काढून त्या जागीं बॉशचाच आधींच्या रचनेचा, सीपी-३ नांवाचा पंप बसवून देण्यांत आला.